वाळवीवाल्याचं घर

पाहुणा घरी आला की त्याला बाहेरच्या खोलीत बसवतात, पंखा लावतात, पाणी देतात. आम्ही आलो की थेट आत! पलंगाखाली, कपाटामागे, माळ्यावर, मोरीच्या कोपऱ्यात. जिथे त्या घरची माणसंसुद्धा दिवाळीशिवाय डोकावत नाहीत तिथे आम्ही बॅटरी घेऊन आडवे पडलेले असतो. बावीस वर्षं असं लोकांच्या घरांत शिरल्यावर किस्से साचणार नाहीत तर काय होणार? एक सांगायला घेतला की दुसरा आपोआप बाहेर येतो, आणि आमची मंदा ओरडते, “आधी जेवा, भात गार होतोय!”

मी दिनकर पवार, राहणार पेण. धंदा वाळवीचं औषध मारण्याचा. पेण ते रोहा ही आमची हद्द. जोडीला बबन, खाडीकडच्या गावचा, घरचं मिठागर भावावर सोपवून आलेला. ठोकून बघायचं काम माझं, ड्रिलने भोकं पाडून औषध ओतायचं काम त्याचं. माझ्याकडे लाकडी मुठीचा एक जुना स्क्रूड्रायव्हर आहे. त्याच्या मुठीने चौकटीला ठोकायचं. भरीव लाकूड ‘ठक’ म्हणतं, खाल्लेलं ‘डब’ म्हणतं. एवढीच आमची विद्या.

या विद्येच्या जोरावर मी एक फुकट सेवा चालवत होतो. कुणी जुनं घर घ्यायला निघालं की आधी मला दाखवायला नेई. मी ठोके मारायचो आणि सांगायचो, “नको!” वाळवी दिसली की माझं उत्तर ठरलेलं. हो म्हणालो आणि उद्या छप्पर खाली आलं तर लोक माझ्या दारात. नको म्हणणाऱ्याच्या दारात मात्र कुणी भांडायला येत नाही.

गेल्या वर्षी माझीच पाळी आली. आमच्या घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, खोली गणपतीच्या आधी रिकामी करायची होती. भाड्याची ती आमची सहावी खोली. मंदा म्हणाली, “आता सातवी नको, आता आपलं.” आणि आमच्या आवाक्यातलं एकच घर सापडलं, रोह्याजवळ वरसे गावात. त्या घराला लागली होती वाळवी!

*

घर घ्यायचं की नाही या विचारात असताना मला सारखे साळवीसाहेब आठवायचे. साळवीसाहेब बँकेत होते. त्यांना पेणमध्येच एक बैठं घर आवडलं होतं. मी नेहमीप्रमाणे ठोकून “नको” म्हणालो. त्यांनी ते सोडून नवाकोरा फ्लॅट घेतला. तिसऱ्या वर्षी त्यांचा फोन आला, “पवार, लगेच या.” किचनच्या ट्रॉल्यांमध्ये वाळवी! नव्या बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर!

मी पालथा पडून ठोकत होतो आणि साळवीसाहेब माझ्या डोक्याशी उभे राहून बोलत होते.

“ते जुनं घर दुसऱ्या एकाने घेतलं. काल त्याच्याकडे सत्यनारायण होता, मी प्रसाद घेऊन आलो. दोन चौकटी बदलल्यात, बाकी घर टकाटक. तुम्ही काय बघून नको म्हणाला होतात हो?”

“बाहेरची चौकट डब वाजत होती, साहेब.”

“आणि आतलं?”

मी पुढची ट्रॉली ठोकायला घेतली. उत्तर बबनने दिलं, “आत गेलोच कुटं साहेब, जेवायची येल झाली व्हती!”

साळवीसाहेब अजूनही मला बोलावतात. चहाही देतात. फक्त बशीत आधी दोन बिस्किटं असायची, तिथे आता एक असतं.

*

बबनच्या जिभेने असे घात पुष्कळ केले, पण वडखळच्या पुढच्या एका गावात तिनेच आमची लाज राखली होती.

त्या घराच्या मागच्या पडवीत भिंतीला टेकून वारूळ उठलं होतं. चांगलं कमरेएवढं! वाळवी तिथूनच माळ्यावर जात होती. मुलाने आम्हाला बोलावलं आणि त्याच्या आईने दारात अडवलं. वारुळावर हळदकुंकू, पुढ्यात दुधाची वाटी.

“पंचमीला सगला गाव हितं पूजेला येतो,” ती म्हणाली. “आन तुमी त्यात इख ओतनार? नाय जमायचं!”

“अगो आये, घर पडंल!” मुलगा म्हणाला.

“पडूं दे. नागोबाला बेघर करून मला घर नको.”

मी सामान आवरायला घेतलं. बबन मात्र तिच्या शेजारी उकिडवा बसला. म्हणाला, “मावशे, तुजं बराबर हाय. असं अचानक नाय मारायचं. आपुन त्याला आदी सांगून ठेवू.”

म्हातारी विचारात पडली. मग मान हलवली. बबनने वारुळासमोर हात जोडले आणि ड्रिलच्या वरताण आवाजात सांगितलं, “देवा, येत्या मंगलवारी सकाली धा वाजता औषद मारनार हाव. तवर आपली दुसरीकडं सोय करावी!”

मंगळवारी आम्ही पोचलो तर मागचं दार सताड उघडं, आणि म्हातारी सकाळपासून दाराकडे पाठ करून बसलेली.

“गेला का गो मावशे?” बबनने विचारलं.

“मला काय ठाव? मी तोंड फिरवून बसलेय. घर सोडून जानाऱ्याकडं टक लावून बघू नये!”

आम्ही औषध मारलं. घर वाचलं. पुढच्या पंचमीला तिने त्याच भिंतीवर चंदनाचा नाग काढून पूजा केली, आणि बबनला मुद्दाम बोलावून पातोळे खायला घातले. मला बोलावलं नाही. मी सामान आवरायला घेतलं होतं ना!

*

वरसेतलं घर बबननेच शोधलं. एका सकाळी येऊन म्हणाला, “दादा, घर हाय. दोन खोल्या, पडवी, आड, मागं दोन नारल. मालकाला इकायचं हाय. पण…”

“पण काय?”

“आपल्या धंद्याचं हाय.”

मालक शेडगेकाका, कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झालेले. बायको चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी पनवेलला, ती त्यांना कायमचं घेऊन जाणार होती. मी, मंदा आणि बबन तिघेही घर बघायला गेलो.

आजवर मी विकणारे पुष्कळ पाहिले होते. वाळवीच्या रेघेवर कॅलेंडर लावणारे पाहिले. एक गृहस्थ तर सगळा वेळ भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून उभे होते. शेडगेकाकांनी मात्र आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. “आधी हे बघा,” म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या चौकटीत बोट खुपसलं. बोट निम्मं आत गेलं!

“हे असं आहे,” काका म्हणाले. “वरचे पाच वासे गेलेत. भिंतीतल्या कपाटाला पाठच नाही. मोरीजवळ ओल आहे.”

मी गडबडलो. विकणाराच माझी वाक्यं बोलायला लागल्यावर मी बोलणार काय?

“चौकट बदलता येते, काका.”

“पण पुन्हा लागेल.”

“नाही लागणार. भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध घातलं की नाही लागणार.”

“ओलीचं काय?”

“पाइप गळतोय. बदलला की ओल जाईल.”

“आणि वासे?”

“पाचच तर आहेत!”

“सहासुद्धा असतील.”

“असू देत की!”

मंदा कमरेवर हात ठेवून आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिली. “तुमच्यात कोण विकतंय आणि कोण घेतंय, ते आधी ठरवा,” म्हणाली, “मग मी आड बघून येते.”

काका तेव्हा पहिल्यांदा हसले. मग पाणी आलं, चहाही आला. चहा पिताना त्यांनी सांगितलं, “तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. तिघांनाही मी वाळवी दाखवली. तिघंही म्हणाले, बरंच झालं, पाडायला सोपं! औषधाचं बोलणारे तुम्ही पहिलेच. आठ दिवसांत काय ते कळवा.”

मी म्हणालो, “कळवतो.” माझ्या तोंडून ‘नको’ निघालं नव्हतं, पण ‘हो’सुद्धा निघालं नव्हतं. मंदा परतीच्या एसटीत माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

*

त्या दिवशी एसटी गाठायला निघताना शेजारच्या घरातले जोशीबुवा कुंपणाशी आले होते. तेही कंपनीतलेच, पण केमिकल डिपार्टमेंटचे. मी वाळवीवाला असं कळल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

“औषधाला पैसे घालू नका. मी स्वतः फॉर्म्युला बनवलाय. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे मारला.”

“गुण आला?”

“जबरदस्त! दुसऱ्या दिवशी अळू जळालं, जास्वंद जळाली. मांजर गेलं ते परत आलं नाही. आमची ही आठ दिवस माहेरी जाऊन राहिली.”

“आणि वाळवी?”

“वाळवीवर अजून काम चालू आहे,” जोशीबुवा म्हणाले.

मंदा मला म्हणाली नाही, पण बबनला म्हणाली, “शेजार चांगला आहे हो, भावजी. करमणूक होईल.”

*

डॉक्टर आपल्या घरच्या माणसाचं ऑपरेशन करत नाहीत म्हणतात. तसंच माझं झालं. दुसऱ्याच्या घराला दोन ठोक्यांत निकाल देणारा मी, रोज संध्याकाळी मत बदलत होतो. शेवटी ठरवलं, बाहेरचा माणूस बोलवावा. रोह्याकडच्या एका पेस्ट कंट्रोलवाल्या पोराचा नंबर मिळवला, बबनच्या नावाने फोन केला आणि काकांची परवानगी घेऊन त्याला वरसेतलं घर दाखवलं. आम्ही दोघं साधी गिऱ्हाइकं होऊन उभे!

पोरगं झकास होतं. युनिफॉर्म, डोक्यावर कॅप, हातात पिकपिक वाजणारं मशीन. त्याने मशीन चौकटीला लावलं, ते वाजलं, त्याने मान हलवली.

“नको, साहेब.”

“अजून आत गेला नाहीत,” मी म्हणालो.

“गरज नाही. वाळवीचं घर म्हटलं की नकोच म्हणायचं. उद्या काही झालं तर आपल्या अंगावर नको.”

माझंच वाक्य! मला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना फार भिकार वाटलं, हे आज कबूल करतो.

“आणखी कुणाला विचारू का?” मी म्हणालो.

“विचारा. पेणला पवार म्हणून एक जुने आहेत. पण काही उपयोग नाही.”

“का?”

“ते घर बघायच्या आधीच नको म्हणतात! आमच्या लाइनमध्ये सगळ्यांना माहीत आहे.”

बबनला अचानक खोकला लागला. तो पडवीत गेला आणि दहा मिनिटं आत आला नाही.

*

त्या पोरावरचा राग मी कामात काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वरसेला गेलो. कौलं सरकवून वर चढलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी एक घर पुरतं ठोकलं. वासा न् वासा, चौकट न् चौकट, उंबरे, खुंट्या, सगळं. दुपारचं जेवण राहिलं. वासे सहा गेले होते, काकांचंच खरं होतं. पण मधली तुळई ऐनाची, लोखंडासारखी ठणठणीत. बाकीच्या चौकटी सागाच्या, एकही डब वाजली नाही.

घरी येऊन मी मंदाला सगळी यादी वाचून दाखवली. प्रत्येक चांगल्या गोष्टीपुढे मी एक ‘पण’ जोडत होतो.

मंदा ब्लाउज शिवत होती. आमच्या खोलीत तिचं शिलाई मशीन पलंग आणि मोरी यांच्यामध्ये बसायचं. मोरीत कुणाला जायचं असलं की तिने उठायचं, स्टूल उचलायचं आणि तो माणूस बाहेर आला की पुन्हा बसायचं. सहा खोल्या झाल्या, मशीनची जागा प्रत्येक खोलीत हीच.

ती मशीन थांबवून म्हणाली, “बावीस वर्षं लोकांच्या घरांतली वाळवी काढलीत. एकदा आपल्या घरातली काढा की.”

“मंदे, मला भीती वाटते,” मी म्हणालो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य मी तिला पहिल्यांदाच म्हणालो असेन. “सगळ्यांना नको म्हणून सांगितलं आणि स्वतः घेतलं. उद्या काही झालं तर लोक हसतील. हसू देत, पण आपण राहायचं कुठे?”

“भीती मलापण वाटते,” ती म्हणाली. “पण मला मशीनला खिडकी पाहिजे. तिथे आडाकडे उघडणारी खिडकी आहे, मी बघून आलेय.”

आणि मशीन पुन्हा सुरू झालं. मला स्वतःचा राग आला आणि तिचं कौतुक वाटलं, पण निर्णय काही झाला नाही. आठ दिवस रविवारी संपत होते.

*

शनिवारी आम्हाला जोह्याला काम निघालं. जोहे म्हणजे गणपतीच्या मूर्तींचं गाव, घरोघरी कारखाने. आपल्याकडची पद्धत ठाऊक असेल, नसेल तर सांगतो. गणपती सांगायला जाताना घरचा लाकडी पाट कारखान्यात नेऊन द्यायचा. पाटाच्या खालच्या बाजूला खडूने आपलं नाव आणि गाव लिहायचं. त्याच पाटावर मूर्ती बसवतात आणि चतुर्थीला आपण ती पाटासकट घरी आणतो. पाट दिला म्हणजे गणपती ठरला.

तर त्या कारखानदाराची अडचण अशी, की लोक वर्षभर माळ्यावर टाकलेले पाट तसेच आणून देतात. आदल्या वर्षी एका पाटातून वाळवी आली आणि फळ्यांच्या मांडणीत घुसली. म्हणून त्या वर्षी त्याने ठरवलं, प्रत्येक पाट ठोकून घ्यायचा. त्याने मला मूर्तींमध्ये जागा करून दिली, पाटांची चळत पुढ्यात ठेवली. मी ठोकायचं, “चालेल” किंवा “नको” म्हणायचं. चालेल तो बबनने उजवीकडे ठेवायचा, नको तो डावीकडे. डावीकडच्यांना कारखानदार फोन करून नवीन पाट आणायला सांगणार.

आम्ही सकाळपासून बसलो होतो. ठक, चालेल. ठक, चालेल. डब, नको. बबन पाट उचलता उचलता नावं वाचून गावोगावच्या सोयरिकी सांगत होता. मला त्या कामात बरं वाटत होतं, कारण पाटाला डोकं लागत नाही.

जेवणाच्या आधी एक पाट हातात आला. जुना, शिसवी, कडेला पितळेची फुलं. एक कोपरा वाळवीने खाल्लेला, बोट जाईल एवढा. मी ठोकला. कोपरा डब वाजला. मी सवयीने डावीकडे बोट दाखवणार, एवढ्यात बबनने पाट माझ्या हातातून घेतला, उलटा केला आणि गप्प झाला. बबन गप्प होणं ही साधी गोष्ट नाही.

“काय रे?”

त्याने पाट माझ्यासमोर धरला. खाली खडूचं जुनं नाव ओल्या फडक्याने पुसलेलं होतं, तरी दिसत होतं. शेडगे, वरसे. त्याच्यावर ताज्या खडूने, फिटरच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘दिनकर पवार, वरसे’.

मी कारखानदाराकडे बघितलं.

“हा ना?” तो म्हणाला. “परवा एक म्हातारे गृहस्थ एसटीने घेऊन आले. खूप वर्षांचं गिऱ्हाईक आहे आमचं. म्हणाले, नेहमीचाच गणपती, तेवढीच उंची. नाव तेवढं बदला.”

सभोवती कच्च्या, पांढऱ्या मूर्ती रांगेत बसलेल्या. कुणाला अजून डोळे नव्हते. बबन दोन्ही हातांत पाट धरून उभा होता, डावीकडे वळत नव्हता आणि उजवीकडेही वळत नव्हता.

“दादा, काय म्हनू?” त्याने विचारलं.

“चालेल,” मी म्हणालो.

“अहो पवार, नीट बघा!” कारखानदार पुढे झाला. “त्याचा तो कोपरा वाळवीने खाल्लाय!”

“दिसतंय मला,” मी म्हणालो. “मूर्ती मधोमध बसते.”